तयार गोळा

सदरच्या बेकरीत मिळतो, फ्रीजरच्या तळाशी,
अर्धा किलोचा, प्लास्टिकमध्ये आवळलेला, विटेसारखा कडक.
"दोन तास बाहेर ठेवा, ताई," पोरगा म्हणाला.
मग काचेबाहेरच्या उन्हाकडे त्यानं एकदा पाहिलं.
"नाही, अर्धाच तास."

पाचपावलीला पोचेपर्यंत
स्कूटीच्या डिकीतच तो सैल होऊ लागला होता.

आमच्या घरात 'तयार' ही शिवी होती.
तयार मसाला, तयार पीठ, तयार उत्तर.
बाबांच्या भोजनालयात खसखस पाट्यावर,
दालचिनी लोखंडी खलात,
आणि माझ्या वेणीला रश्शाचा वास.
शाळेत अर्ध्या मुली दूर बसायच्या,
अर्ध्या जवळ सरकायच्या.
तो खल आता दाराला टेकण म्हणून आहे.
उचलायला दोघं लागतात.

कात्रीनं तुकडे करायचे, जुई सांगते.
मी कापले: बत्तीस.
काही लिंबाएवढे, काही बोराएवढे,
कात्री माझ्यासारखीच उतावीळ.
वितळलेल्या लोण्यात बुडवायचे,
मग साखर-दालचिनीत लोळवायचे,
गोल डब्यात एकावर एक ठेवायचे.
दाबायचे नाहीत.
हे तिनं तीनदा सांगितलं. दाबायचे नाहीत, आई.
पण ऑफिसातून आलेले हात
कणीक दिसली की मुठीच होतात.

पाकिटावर लिहिलंय: उबदार जागी चाळीस मिनिटं.
मे महिन्यात, नागपुरात,
उबदार जागा शोधा म्हणे!
कूलरच्या झोतापासून बाजूला, ओट्यावर नुसता ठेवला.
भांडी घासून वळते तर
गोळे काठावरून डोकावताहेत,
गल्लीत भांडण लागलं की
गॅलरीत लोक येतात तसे.

भिंतीपलीकडून हेडाऊ काकू:
"काय व, गुरुवारचं मटण करून राहिली?"
"ब्रेड आहे, काकू. गोड."
"ब्रेडमंधी कलमी?"
बराच वेळ काही नाही.
मग, "बरं. वाटीभर पाठवजो."

दालचिनीला त्या कलमी म्हणतात, बाबाही.
बाबा आतल्या खोलीत पडून होते, भिंतीकडे तोंड करून.
ओव्हनची आठ मिनिटं अजून बाकी होती.
"कलमी पुढं गेली," ते तिथूनच म्हणाले. "काढ आता."
काढला.
एका बाजूनं जरासा लागलाच होता.

परातीत उलटा केला,
साखरेचा पाक कडेनं सावकाश उतरला.
सुरी लागत नाही याला, जुई म्हणाली,
नुसतं ओढायचं.
बाबांना हे सांगावं लागलं नाही.
अंगठा आणि दोन बोटं,
भाकरी मोडतात तशी.
त्यांनी एक ओढला, फुंकला, तोंडात टाकला.

"गोळा कोणाचा?"

मी परातीकडे पाहत म्हटलं, "सदरचा. तयार."

ते चावत राहिले.
कूलरमधलं पाणी संपत आलं होतं,
पंप कोरडाच घुरघुरत होता, कोणी उठलं नाही.

"शेवटची दोन वर्षं," बाबा म्हणाले,
"मसाला मी इतवारीतूनच आणत होतो. पाकिटाचा.
खांदा वर जात नव्हता."
मग बोटावरची साखर बघत,
"त्याच वर्षी तो वकील म्हणाला होता,
पराते, आता कुठं हात बसला तुमचा."

मला हसू येत होतं
आणि मला खलाकडे बघायचं नव्हतं.
जुई विचारत राहिली, काय म्हणतायत, आबा काय म्हणतायत.

त्यांनी अजून एक ओढला.
दोन आले, चिकटून.
ते त्यांनी सोडवले नाहीत.

हेडाऊ काकूंची वाटी ओट्यावर तशीच, रिकामी.
मी परातीतले मोजले.
सात.