जादा युनिट

अशोक चौकातल्या माझ्या बूथचं मशीन
चौथ्या रिंगलाच पैसे धरायचं.
पलीकडं कुणी उचलो, न उचलो,
लाल आकडा शून्याचा एक व्हायचा
आणि चिठ्ठी बाहेर: एक रुपया सव्वीस पैसे.

भांडणं व्हायची.
टॉवेलवाला येमूल काउंटरवर मूठ आपटून म्हणायचा,
'इरण्णा, हॅलो नाही की काही नाही, पैसे कशाचे बे?'
मी ऑफिसला अर्ज दिला.
ऑफिस म्हणालं, खोट मशीनमध्ये आहे.
मशीनवाला म्हणाला, खोट एक्स्चेंजमध्ये.
लाइनमन बिराजदारनं चहा पिऊन वायर हलवून बघितली
आणि उन्हाला दोष दिला.

महिनाअखेर वही आणि ऑफिसचं बिल शेजारी शेजारी ठेवायचो.
एप्रिलात त्यांची एकेचाळीस युनिटं जादा.
मेमध्ये माझी सतरा.
ही एकेचाळीस बोललं कोण?
चव्वेचाळीस डिग्रीत, शटर अर्धं ओढून
मी एकेक ओळ बोटानं तपासत बसायचो,
जसं कुणी माझ्या तारेतून
माझ्याच खर्चानं
आपलं सुखदुःख सांगून गेलं होतं.

नरसम्मा गड्डम मात्र कधी भांडली नाही.
गुरुवारी कारखान्यात बिड्या देऊन यायची,
नोटेला तंबाखूचा वास,
भिवंडीचा नंबर घडीघडीवर फाटलेल्या कागदावर.
मुलगा तिकडं मागावर. दोन वर्षं झाली होती.
रिंग जायची. जात राहायची.
पहिल्या वेळी मीच ओशाळून म्हणालो,
'मावशी, फोन लागलाच नाही. मशीन चुकतंय. राहू द्या.'
तिनं चिठ्ठी ट्यूबलाइटखाली धरली.
हिशेब तिला कळत होता;
हजारातल्या शंभर बिड्या छाट म्हणून
डोळ्यांदेखत टोपलीत जाताना रोज बघणारी बाई.
'मशीन उगं कशाला पैसे घेईल,' ती म्हणाली.
'एत्तिंडु.'
उचलला त्यानं.
बोलला नाही, एवढंच.

त्यानंतर दर गुरुवारी
चिठ्ठी ब्लाउजमध्ये खोचून घरी.

श्रावणात मशीनवाल्यानं कार्ड बदललं.
येमूलनं अख्ख्या चौकाला सांगितलं.
गुरुवारी भिवंडीला रिंग गेली.
चार. सात. अकरा. कट.
आकडा शून्यच.
'किती?'
'काही नाही, मावशी.'
ती जागची हलली नाही.
'काही नाही म्हंजे?'
मागं तिघं थांबलेले,
एकाच्या हातात शेंगाचटणीचा पुडा, वास सगळीकडं.
मी जुनं पावतीबुक काढलं, कार्बन घातला,
लिहिलं: भिवंडी. युनिट एक. एक सव्वीस.
सही करताना दोनदा पेन झटकावं लागलं.

त्या महिन्यात वहीत चार युनिटं जादा भरली.
मी तपासली नाहीत.