आतून कडी

मापुत्सोएच्या कारखान्यात, जिथं दिवसाला
चार हजार जीन्सना पाय फुटतात,
मी हजेरी लिहितो,
आणि महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सूचनापेटी उघडतो.
किल्ली माझ्याकडे असते. म्हणजे
पेटीत काही नसतं, याची जबाबदारी माझी.

सात वर्षांत काय निघालं?
गोळ्यांचे कागद. पितळी बटण. एकदा
साहेबांचं चित्र, पोट जरा जास्तच खरं आलेलं,
ते मी ठेवून घेतलं.
आणि दर महिन्याला, न चुकता, निळ्या शाईत, एकच ओळ:
बायकांच्या संडासाला आतून कडी नाही.

मी ती वर पाठवायचो.
वर म्हणजे जिना चढून. जिना कागद पचवतो,
ढेकरसुद्धा देत नाही.

अक्षर कुणाचं, ते मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं.
हजेरीच्या वहीत रोज सकाळी सातला
मामोसा त्याच पेनानं सही करते,
थंडीनं बोटं आखडलेली, खांद्यावर लोकरी ब्लँकेट,
शेवटचं अक्षर ओढत थेट माझ्या रकान्यात.
मी काही बोललो नाही. तीही नाही.
"खोत्सो, न्ताते," म्हणायची, आणि मशीनकडे जायची.

मग ऑर्डरी आटल्या,
आणि नदीपलीकडून, दुसऱ्या देशातून, एक सल्लागार आला.
फूरी त्याचं नाव. गळ्यात स्टॉपवॉच.
माणूस वाईट नव्हता; चहाचा कप स्वतः विसळायचा.
तीन दिवस उभा राहून त्यानं शोध लावला, की
चौथ्या लाइनीतल्या बायका
संडासला जोडीनं जातात.
अकरा मिनिटं गुणिले दोन.
कारण म्हणून फळ्यावर लिहिलं: गप्पा.

म्हणून लाल बिल्ला आला. लाइनीला एकच.
जिच्या हाती बिल्ला तिनं जावं, एकटीनं.
शुक्रवारी दही आलं, फुकट, स्ट्रॉबेरीचं.
भिंतीवर पाटी आली: आपण एक कुटुंब आहोत.
केनेउए दह्याचं झाकण चाटत पाटीखाली उभी राहिली
आणि म्हणाली,
"माझ्या कुटुंबात संडासाला कडी आहे."

सगळी लाइन हसली.
मला हसू आलं नाही, कारण मला तेव्हा कुठं,
सात वर्षं उशिरा, हिशेब सुटला:
एक आत. दुसरी बाहेर, दार धरून.
गप्पा कसल्या.

बिल्ल्यानंतर बायकांनी पाणी पिणंच सोडलं.
जुलैत एक मशीनवरच कलंडली,
कपाळाखाली अर्धवट शिवलेला खिसा.

रविवारी मी कडी आणली. पस्तीस मालोती, चार स्क्रू.
पहारेकऱ्याला सांगितलं, वही विसरलोय.
एक स्क्रू वाकडा गेला. मी काही सुतार नाही.

पुढच्या महिन्यात आकडे चढले.
फूरीनं अहवालात लिहिलं: बिल्ल्याचा परिणाम.
मी तोंड उघडलं नाही. नोकरी मलाही आहे,
मुलगी मासेरूला शिकते.

शेवटच्या शुक्रवारी पेटी हलवली तर वाजली नाही,
इतकी गच्च. एकेचाळीस चिठ्ठ्या.
दवाखान्याचा अर्धा दिवस कापू नका.
आठव्या महिन्यात उभं राहवत नाही.
मे महिन्यापासूनचा ओव्हरटाइम कुठं आहे.
धूळ खोकल्यातून निळी पडते.
एकीनं नुसतंच लिहिलेलं: खिडकी.
आणि तळाशी, ओळखीच्या शाईत:
एक स्क्रू वाकडा आहे, न्ताते.

या वेळी कागद पाठवले नाहीत.
पेटीच उचलली, छातीशी धरली,
जिना चढलो.
साहेबांच्या दाराला आतून कडी आहे.
मी दार वाजवतो आहे.