खूण नसलेली जागा

विश्वामित्रीच्या पाण्यातला हा जंतू.
काळाघोड्याच्या पुलावरून, एक डोळा मगरींवर ठेवून
परमारभाईंनी दोरीला बाटली बांधून काढलेला.
सहा लिटर वाढवला, मारला, धुतला.
मग अडुसष्ट अंशांवर फिनॉल आणि पाणी,
आणि पुढचे चार दिवस माझ्या ओढणीला
इस्पितळाच्या फरशीचा वास.

फिनॉल खाली बसतं, पाणी वर राहतं,
मला हवं ते पाण्यात असतं.
एवढं वाक्य हातात यायला
दीड वर्ष गेलं.

पिशवीत बांधून तीन दिवस पाण्यात सोडलं,
गोठवून वाळवलं. अठरा मिलिग्रॅम.
पिंजाऱ्याच्या दारात उडतो तेवढा कापूस.
‘शिंकू नकोस,’ फाल्गुनी म्हणाली,
‘पीएचडी उडी जशे.’

याच्याच बुडाची चरबी रक्तात उतरली
की माणूस गोधडीखाली कुडकुडतो.
बाटलीत मात्र अगदी गरीब दिसतं.

चांदीने रंगवलेल्या जेलवर शिडी उमटली.
एकाच जंतूच्या अंगावर
कुणाला चार पायऱ्या, कुणाला तीस.
पायरी तीच: चार साखरा, पुन्हा त्याच चार.
पण कोणती कोणाला कुठे धरून?

त्यासाठी एक जुनी युक्ती आहे.
प्रत्येक मोकळ्या हातावर मिथिलची खूण करायची,
मगच साखळी तोडायची.
सुट्ट्या मण्यांवर जिथे खूण नाही
तिथे कुणीतरी हात धरलेला होता.

हे मी सेमिनारमध्ये सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या.
मला ते कळलं मंगळबाजारात,
आईची मुलाम्याची पोत तुटली तेव्हा.
यादोराव पटवेकरांनी मणी ताटलीत ओतले,
एक उचलून उजेडाला धरला:
‘सगळा घामाने काळवंडलाय बघा,
शेजाऱ्याला टेकत होता तेवढाच पिवळा.’
आणि ओवायला लागले, काही न विचारता.
मी अर्धा तास उभी. स्कूटरला पावती लागली.

रचना जुळली. कागदावर काढली,
चार षट्कोन, मधे बाण. सरांनी पेढे मागवले.

मग मुंबईच्या यंत्रातून
न छेडलेल्या नमुन्याचा आलेख आला.
२.१ पाशी एक लहानसं शिखर,
माझ्या चित्रात ज्याला घर नाही.
अ‍ॅसिटिल. एका साखरेच्या खांद्यावर बसलेलं,
तेही दर दहांतल्या सहांच्याच.
खूण करायच्या आधी मी जो अल्कली ओतते
त्यानेच ते उडून जातं,
आणि त्याच्या जागी माझी खूण बसते,
जणू तो हात पहिल्यापासून मोकळाच होता.

घरी आई पोत गळ्यात घालून आरशापुढे.
‘छान ओवली. पण इथे हिरव्या रेशमाचा गोंडा होता,
एवढासा.’
यादोरावांनी मणी रिठ्यात घातले होते.
त्या आधी गोंडा पाहिल्याचं
मला आठवत नाही. मी मणी पाहत होते.

सर म्हणाले, ‘तळटीप दे.’
तळटीप लिहिली, खोडली.
चित्रात तिसऱ्या षट्कोनावर
पेन्सिलने एक तुटक रेघ काढली,
आणि शेजारी लिहिलं: साठ टक्के.
मग रबर शोधलं,
सापडलं,
आणि परमारभाईंना देऊन टाकलं.