सहा चांदण्यांचा बिल्ला

मेढ्याच्या स्टँडमागं रज्जाक शिकलगारांचं गॅरेज.
मस्कतला अकरा वर्षं काढून
आणलं काय, तर एक मिक्सर, कंबरदुखी
आणि भंगारातल्या सुबारूचा निळा बिल्ला.

सहा चांदण्या. एक ठसठशीत, पाच बारक्या.
"पाच कंपन्या मिळून एक झाली, त्याची खूण.
त्याआधी विमानं करायचे. लढाई हरले, मग मोटारी."
सांगताना पाना थांबायचा नाही.

"इंजिन आडवं, बूड जड.
पिस्टन समोरासमोर, खडाखडी चालल्यागत.
आणि ओढ चारी चाकांना.
एक रुतलं तर तिघं सोडत नाहीत त्याला."

तुळशीच्या लग्नानंतरचा अवकाळी.
केळघरच्या घाटात आमची पिकअप
मागच्या चाकांनी चिखल उडवत बसली,
पुढची दोन नुसती बघत.

चाचा उतरले. बॅटरी विझवली. बोट वर.
"त्या बघ."
कृत्तिका. ढग फाटला होता तेवढ्यापुरता.
"जपानीत त्यांनाच सुबारू म्हणतात."

मला थंडी वाजत होती, खरं सांगायचं तर,
आणि जपानी शिकायची ती वेळ नव्हती.

खालून दुधाचा टेम्पो आला.
चौघं उतरले. आम्ही दोघं.
चाचा म्हणाले, "हां, आता लाव खांदा."