हलक्या कानाचा चाप

दौलतगंजात आमच्या दुकानाला पाटी नाही.
होती. मग वानरांनी पाडली
आणि बाबा म्हणाले, ज्याला यायचंय त्याला ठाऊक आहे:
होनकळसे, बंदूक दुरुस्ती.
लायसन दाखवल्याशिवाय बोलू नये.

मी बारावीत असताना एक मुलगी आली,
भदौरियांची, माझ्याच वयाची,
निळ्या पेटीत एअर पिस्तूल, परवा भोपाळला स्पर्धा.
म्हणाली, अंकल, पाचशे ग्रॅमच्या खाली गेला तर बाद करतात,
पण वर एक ग्रॅमही नको मला.
बाबांनी मला गोयल किराण्याकडे पिटाळलं,
अर्ध्या किलोचं वजन आण, शिक्क्याचं.
गोयल तूरडाळ तोलत होता.
क्यों, अब बंदूक भी तौल के बिकेगी?

मग बाबा तासभर त्या चापाशी बोलत बसले.
हो, बोलतच.
डोळ्याला भिंग, बोटाला तेल, ओठ पुटपुटत,
लाथाळ गायीच्या कासेखाली बसलेला माणूस बोलतो तसे.
शेवटी वजन चापाला अडकवून
पिस्तूल सावकाश वर उचललं.
लोखंड टेबलावरून उठलं, अधांतरी राहिलं.
आम्ही तिघं श्वास धरून बघत होतो,
जणू चाप आता काहीतरी कबूल करणार.
नाही केलं.
पास, ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

त्याच आठवड्यात भिंडकडचा एकजण.
रिव्हॉल्व्हर, लायसन, सगळं नीट,
खिशातून कोर्टाच्या तारखेची चिठ्ठी डोकावणारी.
इतना हल्का कर दो भैया, कि सोचूँ और चल जाए.
बाबांनी चहा मागवला.
भांडण कुणाशी, विचारलं नाही.
त्यानेच सांगितलं, बशीत फुंकर घालता घालता:
छोटा भाई.

रात्री शटर अर्धं ओढून काम.
मी विचारलं, किती ग्रॅम?
म्हणाले, माणूस हलक्या कानाचा असला तर घर सोसतं.
चाप हलक्या कानाचा नसावा.
आपल्यात चाप ओढतात, पोरी,
आणि चापच लावतात.
दोन्हींना एक शब्द ठेवणारा
आपल्याच धंद्यातला असणार.

स्प्रिंग बदलली. जाड घातली.

तीन महिन्यांनी तो परत आला, तणतणत.
ये हल्का है? दो-दो उँगली लगानी पड़ी, तब तक तो वो
आणि थांबला.
पंखा फिरत होता. मी वहीत डोकं घातलं.
बाबांनी गल्ला उघडून साडेतीनशे परत केले.
त्याने मोजले. पुन्हा मोजले.
जाताना काउंटरवर, विसरल्यासारखा,
गजकचा डबा ठेवून गेला.
तब तक तो काय, ते आम्हाला कधीच कळलं नाही.
गजक मुरैनाची होती, तिळाची.
आम्ही खाल्ली.

आता लायसन माझ्या नावावर आहे
आणि बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलंय.
फिजिओवाला मुलगा रोज चेंडू देतो, दाबा काका.
तर्जनी सगळ्यात शेवटी जागी होईल म्हणतो.
काल मी ताणकाट्याचा आकडा त्यांच्या बोटात अडकवला:
चाळीस ग्रॅम.
आज पंचावन्न, पण मी थोडा हात लावला असेन.

गोयलचं वजन द्यायचं राहूनच गेलं.
ते मी टेबलावर ठेवलंय, त्यांना दिसेल असं.
बाबा त्याच्याकडे बघतात, ओठ हलवतात.
घाई नाही, मी म्हणते,
जड असलेलं बरं, तुम्हीच म्हणायचात.
त्यावर डावा हात उचलून
ते मला चापटी मारतात,
चांगली लागेल अशी.