आवाज ००३

दोंडाईचात फोन उघडला की आधी शिंक येते.
स्पीकरच्या जाळीत, चार्जिंगच्या भोकात
लाल पूड बसलेली असते,
देठ खुडणाऱ्या बोटांसोबत मिरचीच्या ढिगावरून आलेली.
ब्रशने झाडतो. अर्धे फोन तेवढ्यानेच बोलू लागतात.
बाकीच्यांचं दुखणं आत असतं.

कार्डात गाणी भरून द्यायचे दिवस होते तेव्हा
वीस रुपयांत दोन जीबी,
अहिराणी, डीजे, आरत्या, सगळं एकाच फोल्डरात कोंबून.
लग्नसराई. बाहेर रांग.
आणि माझ्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला.
पुसायचा काहीच नाही तो.
खरी फाइल लपवायचा
आणि तिच्या जागी तिच्याच नावाचं चित्र मांडायचा,
कोपऱ्यात एक वाकडा बाण.
मला मंगळवारी कळलं.
शनिवारपर्यंत मी कार्डं भरतच राहिलो.
हे कुणाला सांगितलेलं नाही.
शिंदखेड्याकडे, शिरपूरकडे, तापीच्या पलीकडे
तो बाण किती खिशांतून गेला
मोजायला कोण बसलंय.

परवा कस्तुराबाई आल्या.
पोलक्याच्या आतून बटवा, बटव्यातून प्लास्टिक,
प्लास्टिकातून नखाएवढं कार्ड.
म्हटलं, गाणी गेली का मावशी?
"गान्हं नई भाऊ. भांडन शे."

जावेनं घातलेल्या शिव्या.
पोलीस पाटलाला ऐकवायला पुरावा म्हणून
पदराखाली फोन धरून भरलेल्या.
पाटलाने ऐकलंच नाही, चहा पाजून परत धाडलं.
मग हिरकनबाई मुलामागे सुरतेला गेली, उधन्याला,
मधली भिंत राहिली,
भिंतीपलीकडे कुलूप.
"घरमा आते बोलनारं कोनी नई ऱ्हायनं."

कार्ड लावलं. फोल्डरावर वाकडा बाण.
माझाच.
मान खाली घालून एक ओळ टाइप केली,
लपलेलं सगळं बाहेर ये अशा अर्थाची,
आणि आलं.
आवाज ००३. सतरा मिनिटं.

"तुन्हा चुल्हाले आग लागो!
तुन्ही दाय कदी शिजाव नई!"
मागे कोंबडी, कुणाचं तरी पोर, बादली आपटल्याचा आवाज,
आणि मध्ये हिरकनबाई दम घ्यायला थांबते तिथं
कस्तुराबाई माझ्या दुकानात
तेव्हा न दिलेलं उत्तर पुटपुटतात.
अकराव्या मिनिटाला हसल्या.
"ही बादली मन्ही व्हती."

नातवाने दिलेल्या नव्या फोनला कार्डाची खाचच नाही.
फाइल आत ढकलली तर तो म्हणाला,
जागा संपली, नको असलेलं काढा.
सुप्रभातची फुलं काढली,
चारशे बारा फुलं.
तरी त्यांना एका जागेचा भरवसा वाटेना.
"आनखी कोठे तरी ठेव."
माझ्या फोनमध्ये ठेवली. पेनड्राइव्हमध्ये ठेवली.
मग जरा विचार करून म्हणाल्या,
"तिलेच धाड."

धाडली. माझ्या नंबरवरून.
पैसे घेतले नाहीत. का, ते विचारलं त्यांनी,
मी शिंक आल्यासारखं केलं.

दोन टिका पडल्या, करड्या.
उधन्यात हिरकनबाईच्या सुनेनं की मुलानं
पाहिलं असेल: अनोळखी नंबर, सतरा मिनिटांची फाइल.
असलं काही उघडू नका,
व्हायरस असतो, खातं रिकामं होतं,
हे आता पोरंसोरंही जाणतात.
माझ्या काउंटरमागे तशी पाटी आहे,
लाल अक्षरांत, मीच रंगवलेली.

कस्तुराबाईंना वाचता येत नाही.
दर बाजाराला येतात,
पाटीखालच्या स्टुलावर बसतात,
फोन माझ्यापुढे सरकवतात, मग आठवून
माझाच फोन मागतात.
"उघाडं का तिनी?"
नाही, मावशी.
"मंग आपुन ऐकू."