खोटी, खोटी, जरा कमी खोटी

खाली सोळा माग खडखडतात अक्कलकोट रोडवर,
वर पोटमाळ्यावर, कूलरच्या तोंडाशी,
दोन जाळ्या एकमेकींना शिकवतायत.

पहिलीला चादर काढायचीय.
तिनं चादर कधीच पाहिलेली नाही.
दुसरीनं पाहिल्यात, अकरा हजार,
गट्टय्यामामांच्या पंचकार्डांवरून मीच भरवल्यात.

पहिली ठिपके उधळते, सांडलेल्या तिळांसारखे.
दुसरी म्हणते, खोटी.
नियम सांगत नाही. खरी चादर दाखवत नाही.
फक्त कुठल्या बाजूला सरकलीस
तर कमी खोटी होशील,
तेवढा एक धागा ढिला सोडते.

हे शिकणं माझ्या ओळखीचं.
घरी तेलुगू. चौथीत मी म्हणाले, 'तो चादर',
आणि अख्खा वर्ग फुटला.
जिकडे हसू कमी, तिकडे मी सरकत गेले.
आणि सगळ्यात जोरात हसणारी कुंदा
पुढे माझ्याशीच भांडायला शिकली,
'लेदु, लेदु' करत, आमच्याच ओट्यावर.

काठ सरळ आला
तशी दुसरी वीण मोजू लागली.
वीण जमली, तर कोपऱ्यातली गाठ.
एक हुशार झाली की दुसरीला झोप नाही.

तिसऱ्या रात्री घोटाळा.
मोर.
चारशे चादरींवर एकच मोर, मान डावीकडे,
आणि दुसरी आपली खरी, खरी, खरी.
संगनमत नव्हतं.
एकमेकींशिवाय बोलायला कुणी नव्हतं, इतकंच.

मामा जिना चढून आले, चष्मा कपाळावर.
मोराकडे पाहून म्हणाले,
'नवराबायकोचं होतं असं. बाहेर जावं जरा.'

मग खालून नापास गठ्ठा आणला,
तुटल्या ताण्याच्या, बाणा चुकलेल्या,
कुणीच विकत न घेतलेल्या चादरी.
त्याही दुसरीला दाखवल्या. याही खऱ्याच, म्हटलं.

आज पहाटे पहिलीनं एक काढली.
मोर नाही. साध्या चौकटी,
कडेला एक धागा दोन घरं सोडून गेलेला.
दुसरी अडखळली. निम्मी खरी, निम्मी खोटी.

मामा वाकले, पडद्यावर बोट फिरवलं.
'हा धागा असा राजमल्लू सोडायचा,' म्हणाले,
'तंबाखू मळताना.'

राजमल्लूला जाऊन नऊ वर्षं झाली.
मामांनी बोट उचललं,
काचेवर राहिलेला तेलाचा डाग
बाहीनं पुसला,
आणि खाली गेले. बारा नंबरचा माग थांबला होता.